पुरावा कुणी मागितलाच नाही

हक्क माझा आहे याचा पुरावा मला कुणीही मागितला नाही. माझ्या पुस्तकाची पीडीएफ फुकट वाटणाऱ्या एका संकेतस्थळाविरुद्ध पहिली तक्रार भरली, तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य याचंच वाटलं. नाव, पत्ता, ई-मेल, पुस्तकाचं नाव, फाइल जिथे आहे ती लिंक, दोन चौकटींत टिक आणि शेवटी सही म्हणून स्वतःचंच नाव टाइप करायचं. झालं. नोंदणी क्रमांक नाही, मुखपृष्ठ नाही, करारपत्र नाही. दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकाबद्दल मी हा फॉर्म भरला असता, तरी तो तितक्याच निमूटपणे स्वीकारला गेला असता.

पुस्तक रात्रीच्या आकाशाचे फोटो कसे काढावेत याबद्दल आहे. एक्स्पोजर किती सेकंदांचं ठेवायचं, ट्रॅकर ध्रुवताऱ्याशी कसा जुळवायचा, एकाच तेजोमेघाचे शंभरेक फोटो एकावर एक रचून त्यातला नॉइज कसा घालवायचा, असला सगळा मामला. लिहिलं मी, मांडणी माझी, फोटो माझे, प्रकाशकही मीच. ते दोन ठिकाणी मिळतं: थेट माझ्याकडून साध्या पीडीएफच्या रूपात, आणि एका मोठ्या ई-पुस्तक दुकानात, जिथे तेव्हा फाइलला डिजिटल कुलूप होतं. बाजारात येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच एका वाचकाने कळवलं की शोधयंत्रात पुस्तकाचं नाव टाकलं की माझ्या विक्रीच्या पानाच्याही वर 'मोफत डाउनलोड' येतंय.

आधी तर बरं वाटलं, हे सांगायला हरकत नाही. इतक्या खास विषयावरचं पुस्तक कुणाला चोरावंसं वाटलं! मग पान उघडलं. तीन हिरवी 'डाउनलोड' बटणं, त्यातली दोन भलतीच काहीतरी सॉफ्टवेअर गळ्यात मारणारी. चहूबाजूंनी जुगाराच्या जाहिराती. आणि सगळ्यात खाली सोज्वळ वाक्य: 'हे पुस्तक केवळ शैक्षणिक हेतूने दिले आहे, आवडल्यास विकत घ्या.' कुठून घ्या, ते मात्र दिलेलं नव्हतं.

तक्रार कुणाकडे करायची हे शोधण्यातच पहिला बराच वेळ गेला, कारण अशा पानावर फाइल नसतेच. पान एका ठिकाणी, फाइल दुसऱ्याच फाइल-साठवण सेवेवर. डोमेन कुणाच्या नावावर आहे हे पाहायला जावं तर नोंदीत मालकाच्या जागी गोपनीयता सेवेचं नाव. खरा सर्व्हर कुठला हे बघावं तर मध्ये एक कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क उभं, म्हणजे संकेतस्थळ आणि वाचक यांच्यामध्ये बसून पानं पोचवणारी सेवा. त्या नेटवर्कच्या तक्रार फॉर्मवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आम्ही फाइल साठवत नाही, तुमची तक्रार आम्ही संकेतस्थळाच्या मालकाला आणि त्याच्या होस्टिंग कंपनीला पाठवू, तुमच्या नावपत्त्यासकट. म्हणजे जो आपलं नाव लपवून बसलाय, त्याला माझं नाव आणि घरचा पत्ता पोचणार. मी तिथे टपाल पेटीचा पत्ता दिला. ज्याला कुणाला हा उद्योग करायचा आहे त्याने ही तजवीज आधी करून ठेवावी.

हे सगळे फॉर्म एकाच छापाचे का असतात, ते नंतर उमगलं. त्यांचं मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात, म्हणजे डीएमसीएमध्ये आहे. त्याच्या कलम ५१२ नुसार, लोकांनी चढवलेल्या मजकुराबद्दल मंचाला जबाबदार धरलं जात नाही. मुख्य अट अशी की नीट भरलेली तक्रार आल्यावर त्याने तो मजकूर तातडीने हटवावा. बड्या सेवा बहुतेक अमेरिकेतल्या, त्यामुळे जगात कुठेही बसून तक्रार करा, फॉर्म तोच. आता मंचाच्या बाजूने विचार करा. तक्रार खरी की खोटी हे तपासायला माणूस बसवावा, तर खर्च आणि वर धोका. न तपासता हटवलं, तर कायद्याचं कवच शाबूत. मग पुरावा मागेल कोण? शिवाय लेखकांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून लेखकाचा हक्क कुठल्याही नोंदणीवर अवलंबून नाही. लिहिलं की हक्क आला. मागायला कागदच नसतो. एकट्यादुकट्या लेखकासाठी ही फार मोठी सोय आहे. वकील न लावता, घरबसल्या मी परदेशातल्या कंपनीला एक फाइल हटवायला लावू शकते.

त्या दोन चौकटी मात्र मी परतपरत वाचल्या. एकीत लिहिलं होतं की हा वापर परवानगीशिवाय झाला आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दुसरीत, ही माहिती अचूक आहे आणि, खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून सांगते की, हक्कदाराच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला आहे. शिक्षेची धमकी फक्त त्या शेवटच्या तुकड्याला, अधिकाराला लागू आहे. समोरच्याने खरोखर उल्लंघन केलंय की नाही, तिथे 'प्रामाणिकपणे वाटणं' पुरतं. हा बारकावा तेव्हा माझ्या पथ्यावरच पडणारा होता, म्हणून मी तो वाचून पुढे गेले.

फाइल-साठवण सेवेने फाइल पटकन काढली. काही काळाने त्याच पानावर नवी लिंक आली. मेसेजिंग अ‍ॅपवर पुस्तक वाटणारं एक चॅनेलही होतं, ते बंद झालं, पण त्याच्या वर्णनात आधीपासूनच 'बॅकअप चॅनेल'चा पत्ता होता आणि मंडळी तिकडे सरकली. खरा उपयोग झाला तो शोधयंत्रातल्या तक्रारीचा. फाइल जागेवरच राहिली, पण पुस्तकाचं नाव टाकल्यावर ती दिसेनाशी झाली, आणि बहुतेकांच्या लेखी जे पहिल्या पानावर नाही ते नाहीच. गंमत म्हणजे निकालांच्या तळाशी एक ओळ आली: तक्रारीमुळे काही निकाल काढले आहेत, तक्रार इथे वाचा. ती दुवा देते हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन क्लाइन केंद्रातल्या 'लुमेन' या संग्रहाचा. २००२ पासून अशा नोटिसा तिथे जमा होतात. माझीही होती, नावासकट. पहिल्यांदा ते खटकलं. आता मला तो संग्रह या सगळ्या व्यवस्थेतला सर्वात शहाणा भाग वाटतो.

अशा तक्रारी पगारी करून देणाऱ्या कंपन्याही आहेत. माझी नोटीस कुठेतरी दिसली असावी, कारण त्यांचे ई-मेल सुरू झाले. दरमहा ठरावीक रक्कम, बाकी सगळं यंत्र करेल. मी नमुना अहवाल मागवला. त्यात 'संशयित दुवे' म्हणून माझ्या पुस्तकाचं परीक्षण आणि मी स्वतः ठेवलेलं मोफत नमुना प्रकरणही होतं! हे काही माझ्याच नशिबी आलेलं नाही. २०१६ मध्ये हॉलिवूडमधल्या एका बड्या चित्रपट कंपनीच्या वतीने गेलेल्या नोटिसांत त्या कंपनीचीच अधिकृत पानं काढून टाकण्याची मागणी होती. त्याच वर्षी अमेरिकी अभ्यासकांनी लुमेनमधल्या कोट्यवधी यांत्रिक मागण्यांचा नमुना तपासला. त्यांत सुमारे ४ टक्के मागण्यांत तक्रार एका कृतीबद्दल होती आणि बोट दाखवलेलं पान भलत्याच कृतीचं. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण शोधयंत्रांकडे गेलेल्या मागण्या अब्जावधींत आहेत. मी त्या कंपनीला नको म्हटलं.

पुस्तक फुटलं कुठून, हेही कळलं. थेट विकलेल्या प्रत्येक पीडीएफच्या तळाशी मी खरेदीदाराचा ई-मेल छापते. फिरणाऱ्या प्रतीत त्या जागी पांढरी पट्टी होती. पण पीडीएफवर पांढरा चौकोन चिकटवला म्हणून खालची अक्षरं पुसली जात नाहीत, नुसती झाकली जातात. मी पानावरचा सगळा मजकूर निवडला, कॉपी केला, नोटपॅडमध्ये ओतला. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी तोच पत्ता, ओळीमागून ओळ.

पत्ता हाती आल्यावर काय करायचं हे ठरवायला मला वेळ लागला. तक्रारीत नाव देता आलं असतं. मी त्याला सरळ लिहिलं: तुमची प्रत बाहेर फिरते आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? त्याच रात्री उत्तर आलं. 'मॅडम, मी ती फक्त आमच्या आकाशदर्शन गटाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. लिंक उघडी राहिली असेल. पट्टी मी लावलेली नाही, शपथेवर सांगतो.' आणि खाली एक ओळ: 'आम्ही छापील पुस्तकं एकमेकांना देतोच, त्याला कुणी काही म्हणत नाही, म्हणून यात काही वावगं वाटलं नाही.'

त्या ओळीला मला झटकन उत्तर देता आलं नाही. कायद्याचं उत्तर सोपं आहे. छापील प्रत विकली की त्या प्रतीवरचा विक्रेत्याचा ताबा संपतो, ती द्या, विका, काहीही करा. फाइल मात्र 'दिली' जात नाही, तिची नवी प्रत होते, आणि प्रत काढण्याचा हक्क लेखकाचा. हे तत्त्व न्यायालयांनी किती कडक धरलंय ते 'इंटरनेट आर्काइव्ह' या अमेरिकेतल्या डिजिटल ग्रंथालयाच्या खटल्यात दिसलं. ग्रंथालयाने कपाटात असलेली छापील पुस्तकं स्कॅन केली आणि जितक्या प्रती कपाटात, तितक्याच एका वेळी उसन्या देण्याचं तत्त्व मांडलं. करोनाच्या साथीत ती मर्यादा काही आठवडे त्यांनीच उठवली, ते प्रकाशकांच्या पथ्यावर पडलं. पण २०२३ मध्ये खालच्या न्यायालयाने आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला तो मर्यादा पाळून दिलेल्या उसनवारीलाही धरूनच बेकायदा ठरवणारा. कायदा म्हणून ठीक. पण पाच-सात जणांच्या गटाने एक पुस्तक वाचणं ही माझ्या मते चोरी नाही. पुस्तकं अशीच वाचली जातात, आणि अशा गटातलाच कुणीतरी पुढचं पुस्तक विकत घेतो. मी त्याला लिहिलं की फोल्डर बंद करा, गटासाठी प्रत मी देते. त्याचं नाव मी कुठेच दिलं नाही.

दुसरं पत्र जास्त बोचलं. एका वाचकाची दृष्टी अधू आहे. तो स्क्रीन रीडरने ऐकून वाचतो. चंद्राचे फोटो तो मोठ्या पडद्यावर डोळ्यांजवळ आणून पाहतो. त्याने पुस्तक रीतसर दुकानातून विकत घेतलं होतं. पण कुलूपबंद फाइल दुकानाच्याच अ‍ॅपमध्ये उघडते आणि त्याचा स्क्रीन रीडर तिथे अडखळतो. म्हणून त्याने चॅनेलवरची चोरीची प्रत उतरवून घेतली आणि मला ते कळवलं, पैसे भरल्याच्या पावतीसकट. कुलूप फोडणं हा तर वेगळाच गुन्हा. १९९६ च्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या करारानंतर बहुतेक देशांनी तो कायद्यात घातला आहे. दृष्टिबाधितांसाठी २०१३ चा मराकेश करार आहे, त्याने अशा वाचकांसाठी सुलभ प्रती बनवायला वाट करून दिली. पण ती वाट मुख्यतः संस्थांमधून जाते. आज रात्री पुस्तक हवं असलेल्या माणसाला तिचा काय उपयोग? त्याला मी बिनकुलपाची प्रत पाठवली आणि दुकानातल्या मांडणीत जाऊन कुलपाचा पर्याय काढून टाकला. तो पर्याय पुस्तक चढवताना मला विचारला गेला होता आणि आपोआप 'हो' निवडलेलं होतं.

ज्यांना विकत घ्यायचा रस्ताच नाही आणि ज्यांना आहे पण नको आहे, हे दोन वेगळे लोक आहेत, आणि त्या फॉर्मला दोघं सारखेच दिसतात. शोधनिबंधांचं उदाहरण घ्या. 'सायहब' हे संकेतस्थळ २०११ पासून कोट्यवधी निबंध फुकट देत आलंय, २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध दीड कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. ते निबंध लिहिणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना प्रकाशक बहुधा छदामही देत नाहीत. खगोलशास्त्रात हा वाद पेटतच नाही, कारण तिथले लोक १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपले निबंध आपणहून खुल्या भांडारात ठेवत आले आहेत. सायहबवरून वाचणाऱ्याबद्दल मला काडीचाही राग नाही. माझ्या ग्रहणाच्या फोटोंवर स्वतःचा शिक्का मारून जुगाराच्या जाहिरातींवर कमावणाऱ्याबद्दल मात्र आहे, आणि तो कमी व्हावा असंही वाटत नाही.

मग पारडं फिरलं.

मी एका खग्रास चंद्रग्रहणाचा टाइमलॅप्स एका व्हिडिओ मंचावर ठेवला होता. त्यातला काही सेकंदांचा तुकडा एका वृत्तवाहिनीने माझ्या लेखी परवानगीने बातमीपत्रात दाखवला. परवानगी एकदाच वापरण्याची, हक्क माझ्याकडेच. वाहिनीने सवयीप्रमाणे अख्खं बातमीपत्र मंचाच्या आपोआप जुळवणी करणाऱ्या यंत्रणेत टाकलं. यंत्रणेने बातमीपत्राचा डिजिटल ठसा घेतला, बाकीच्या व्हिडिओंशी ताडून पाहिला, आणि माझ्या व्हिडिओवर दावा लागला. माझ्या ग्रहणावर जाहिराती सुरू झाल्या आणि त्यांचे पैसे वाहिनीच्या खात्याकडे वळले. ऑगस्ट २०१२ मध्ये नासाच्या 'क्युरिऑसिटी' यानाच्या मंगळावतरणाचा अधिकृत व्हिडिओ असाच एका वृत्तसंस्थेच्या दाव्यामुळे काही काळ बंद झाला होता. नासाचं चित्रण नासाच्याच पानावरून! तो प्रसंग मी व्याख्यानात विनोद म्हणून सांगत असे.

पुरावा माझ्याकडे भरपूर होता. सगळ्या रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स, ओळीने क्रमांक असलेल्या. एका फ्रेममध्ये चंद्राच्या कडेला कृत्रिम उपग्रहाची बारीक रेघ उमटली होती. वाहिनीच्या तुकड्यातही ती आहे, फक्त बाजू कापल्यामुळे अर्धी. परवानगीचा ई-मेल तर होताच. पण हरकतीच्या फॉर्ममध्ये हे जोडायला जागाच नव्हती. कारण सांगायला एक छोटी चौकट, तिच्यात अक्षरांची मर्यादा. आणि हरकत जाते कुणाकडे? दावा करणाऱ्याकडेच. तीस दिवसांत तो ठरवणार की मी बरोबर की तो.

आणि त्याने नाही म्हटलं तर? मग अपील, तेही फेटाळून त्याने रीतसर नोटीस दिली, की व्हिडिओ खाली आणि माझ्या खात्यावर ठपका. त्यावर प्रतिनोटीस देता येते. तिचा नमुना मी वाचून ठेवला. त्यात खरं नाव आणि पत्ता द्यायचा, तो दावेदाराला मिळतो. अमेरिकेतल्या संघीय न्यायालयाचा अधिकार मान्य आहे असं लिहून द्यायचं. हटवणं चुकून झालं असं मला वाटतं, हे वाक्य खोट्या साक्षीच्या शिक्षेखाली. इथे ती धमकी पूर्ण वाक्याला लागू. दावेदाराने कोर्टात धाव घेतली नाही, तर १० ते १४ कामाच्या दिवसांनी मजकूर परत. तक्रार करताना मी चहाच्या एका कपात मोकळी झाले होते; बचाव करताना परदेशी न्यायालयाला मान तुकवायची. खोट्या तक्रारीसाठी कायद्यात भरपाईची तरतूद आहे, पण ती 'जाणूनबुजून' केलेल्या खोटेपणालाच. एका आईने २००७ मध्ये ठेवलेला, बाळाच्या नाचाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ मागे वाजणाऱ्या गाण्यामुळे हटवला गेला. तिने लढा दिला. अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की नोटीस पाठवण्याआधी न्याय्य वापराचा, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला चालणाऱ्या वापराचा, विचार करायलाच हवा, मात्र हा वापर न्याय्य नाही असं पाठवणाऱ्याला मनापासून वाटलं असलं तरी पुरे. तडजोड झाली २०१८ मध्ये. बाळ तोवर शाळेत जायला लागलं होतं.

सगळीकडे असं नाही. भारतातल्या नियमांत मंचाने ३६ तासांत मजकुरावर रोख लावायचा, पण तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो रोख उठवता येतो. म्हणजे तिथे हातपाय हलवायची पाळी तक्रार करणाऱ्यावर येते. मला लेखिका म्हणून ते गैरसोयीचं आहे. व्हिडिओवाली म्हणून अगदी योग्य वाटतं.

वाहिनीत मी ओळखीच्या निर्मात्याला फोन केला. तो म्हणाला, 'अहो ताई, असा दावा आम्ही केलाच नाही. कोण करतं ते मलाही माहीत नाही.' ते खरंच असावं. दावा माणसाने केलेला नव्हताच. दावा पुढे मागे घेतला गेला, दिलगिरी नाही, खुलासा नाही, नुसती एक ओळ: 'दावा सोडला आहे.' अडकलेले जाहिरातींचे पैसे माझ्या खात्यात आले, जे मला मुळात नकोच होते, कारण मी जाहिराती लावलेल्याच नव्हत्या. पण बातमीपत्राचा तो ठसा यंत्रणेत तसाच होता. त्याच ग्रहणाची लांब आवृत्ती चढवली आणि दावा पुन्हा हजर.

नोटिसा मी अजूनही पाठवते, पण निवडून. जिथे जाहिराती आहेत, पैसे घेतले जातात किंवा माझं नाव काढलंय, तिथे. गटांच्या फोल्डरांच्या मागे लागत नाही. प्रत्येक लिंक उघडून फाइल स्वतः पाहिल्याशिवाय फॉर्म भरत नाही. त्यामुळे वेग इतका कमी आहे की पगारी यंत्र हसेल. आणि चित्रण वापरायची परवानगी देताना करारात आता एक कलम जास्त असतं: हा तुकडा असलेला कार्यक्रम कुठल्याही आपोआप जुळवणी करणाऱ्या यंत्रणेत टाकायचा झाला, तर माझा भाग आधी त्यातून वगळायचा. ते वाचून एका संपादकाने विचारलं की हे वगळायचं बटण नक्की कुठे असतं. मी त्याला स्क्रीनशॉट पाठवला.